झगमगाटाचं काय करायचं?



आपल्याकडं एक प्रश्न कुणी धड विचारत नाही, आणि विचारला की भांडण होतं. झगमगाट वाईट असतो का? सोनेरी रंग, झुंबरं, आरसे, रंगीत दिवे, गुळगुळीत फरशी, हे सगळं पाहून डोळे दिपतात, ते पाप आहे का? आणि पाप असेल तर कुणाचं? लावणाऱ्याचं, बघणाऱ्याचं, की पुसणाऱ्याचं?

आमच्या नंदुरबारच्या अभ्यासवर्गात ह्यावर तीन रविवार गेले. निमित्त एका बोटीचं. आता तुम्ही म्हणाल, नंदुरबारात बोट कुठली? इथं मिरच्यांचे ढीग, इथं तापी, वर सातपुडा. पण आमच्या वस्तीतला एक पोरगा हॉटेलचा कोर्स करून परदेशातल्या एका क्रूझवर लागला. काम खोल्या साफ करण्याचं. त्यानं बोटीचा आतला भाग मोबाइलवर टिपून घरी पाठवला आणि तो सगळ्या वस्तीत फिरला. मधोमध कित्येक मजले उंच दिवाणखाना, काचेची लिफ्ट, छतावरून लोंबणारे दिव्यांचे झुबके, सोनेरी कठडे, जांभळा-गुलाबी उजेड. जिन्याची पायरी न् पायरी लखलखतेय.

अभ्यासवर्गात चार मतं पडली. एक भाऊ म्हणाला, हा भांडवलदारांचा नंगा नाच आहे, जगातली निम्मी माणसं उपाशी आणि हे समुद्रावर राजवाडे तरंगवतात. पुण्याला शिकून आलेला दुसरा म्हणाला, पैशाचं सोडा, ह्याला चव नाही, सगळं बटबटीत. आश्रमशाळेत शिकवणारी एक ताई तडकली. म्हणाली, मला आवडलं. मला तिथं जाऊन एक दिवस बसायचंय. मला का आवडू नये? कोपऱ्यात आमचे नाना बसले होते, रेल्वेच्या गँगमध्ये जन्म गेला त्यांचा. ते इतकंच म्हणाले, एवढी पितळ रोज कोण घासतं?

हे भांडण तोंडाची वाफ म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच वेळी आमच्या विहाराच्या आतल्या कामाचा विषय निघाला होता. वर्गणी जमली होती. काहींना नक्षीचं पीओपी छत पाहिजे, बदलत्या रंगांचे दिवे पाहिजेत, मूर्तीमागं सोनेरी मखर पाहिजे. काहींना पांढऱ्या भिंती आणि पुस्तकांची कपाटं. म्हणजे बोटीवरचं भांडण आमच्या उंबऱ्यावर आलं. म्हणून मी हे लिहायला बसलो.

आधी चवीचं बघू. बटबटीत, भडक, लाऊड, चीप. हे शब्द कोण कुणाला म्हणतं? ज्याच्या घरात चार पिढ्या तांब्यापितळेची भांडी, शिसवी झोपाळा आणि पुस्तकांची कपाटं आहेत, त्याला साधी पांढरी भिंत शोभते. त्याचा साधेपणा श्रीमंत असतो. आमच्या घराची भिंत शेणामातीची होती, तिला कुणी साधेपणा म्हणालं नाही. तिला दारिद्र्य म्हणाले. मग आम्ही पहिल्यांदा पक्की भिंत बांधली, तिला पोपटी रंग दिला, दारावर प्लॅस्टिकचं तोरण लावलं, की हेच म्हणतात, ह्या लोकांना अभिरुची नाही.

आमच्या जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठीची होळी होते. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला सुके भोपळे न् घुंगरं. शहरातली माणसं कॅमेरे घेऊन येतात आणि म्हणतात, वा, काय संस्कृती आहे! तीच माणसं १४ एप्रिलला आमचा दिव्यांनी नटवलेला ट्रक पाहून नाक मुरडतात. आदिवासीनं जंगलात नटावं, ते चित्र. दलितानं शहरात नटावं, तो गोंगाट. दोन्हीकडं माणूस नाहीच. एकीकडं देखावा आहे, दुसरीकडं कटकट.

पण हे नाक मुरडण्यावर थांबलं असतं तर सोसलं असतं. इतिहास बघा. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' छापलं, त्यात इंदूर भागातल्या बलाई लोकांची हकीकत दिली आहे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की पलीकडचा मुलूख, आमच्यापासून फार लांब नाही. १९२८ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात आलेली गोष्ट. गावच्या सवर्णांनी बलायांना फर्मान काढलं. जरीच्या काठाचं पागोटं घालायचं नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. काठावर बंदी! दोन बोटं रंगीत सुतावर! बलायांनी ऐकलं नाही तेव्हा त्यांचं पाणी तोडलं, त्यांची वाट बंद केली.

आणखी एक. डिसेंबर १९३० मध्ये तमिळ मुलखात रामनाड जिल्ह्यात कल्लर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंद्या घातल्या. सोनंचांदी नाही. सदरा नाही. बायकांनी फुलं माळायची नाहीत, छातीवर वस्त्र घ्यायचं नाही. छत्री नाही, वहाण नाही. आणि घरात मातीखेरीज दुसरं भांडं वापरायचं नाही. ही शेवटची बंदी नीट वाचा. घरात! रस्त्यावर कोण काय घालतो ते सोडा, घराच्या आत, चुलीपाशी, फळीवर काय चमकावं, तेही जात ठरवणार. घराच्या सजावटीवर जगात पुष्कळ पुस्तकं निघाली असतील. त्यांत हा नियम सापडायचा नाही.

म्हणून मी ताईच्या बाजूनं आहे. मला का आवडू नये, हा तिचा प्रश्न पोरकट नाही. ज्यांच्या फळीवर पितळेचं एक भांडं चमकलं म्हणून डोकी फुटली, त्यांना चमक आवडणं ही चवीची चूक म्हणता येत नाही. ते न मिळालेल्या हक्काचं उशिरा आलेलं येणं आहे.

पण इथं थांबलं तर आपण अर्धंच बोललो. कारण बाबासाहेब दुसरीही गोष्ट सांगून गेलेत. डिसेंबर १९२७, महाडची परिषद. मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब आपल्या बायामाणसांशी वेगळं बोलले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाच्या-चांदीच्या पाटल्या टाकून द्या, म्हणाले, कारण ही तुम्हाला ओळखण्याची खूण आहे. लुगडं इतर बायांसारखं नेसा. आणि दागिना घालायचाच असला तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका.

ह्यातली बारकी गोष्ट ध्यानात घ्या. नटू नका असं ते म्हणाले नाहीत, आणि वाटेल तसं नटा असंही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, हे तुझ्या अंगावर कुणी ठेवलं? तू निवडलंस, की गावानं तुला दुरून ओळखावं म्हणून तुझ्या गळ्यात अडकवलं? म्हणजे वस्तू चमकते की नाही हा नीतीचा प्रश्नच नाही. ती कुणाच्या हुकमानं अंगावर आली, हा आहे.

साधेपणालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेला दोन माणसं मुंबईहून बोटीनं निघाली. बाबासाहेब १५ ऑगस्टला 'मुलतान' बोटीवरून, गांधी २९ ऑगस्टला 'राजपुताना' बोटीवरून. गांधींनी खालचा वर्ग घेतला आणि बराच वेळ उघड्या डेकवर काढला. पंचा, चरखा, शेळीचं दूध. जगानं वाहवा केली. बाबासाहेब सुटाबुटात. त्यांना आजही लोक विचारतात, गरिबांचा पुढारी आणि एवढा टापटीप?

गड्यांनो, पंचा नेसायला आधी धोतर असावं लागतं. ज्याच्याकडं आहे त्यानं सोडलं तर त्याग. ज्याला कधी मिळालंच नाही त्यानं तसंच राहावं म्हणणं ही शिक्षा. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात ह्या साध्या जीवनाच्या तत्त्वज्ञानाची सालं काढली आहेत. यंत्र नको, सुखसोयी नकोत, म्हणजे कष्टकऱ्याला उसंत नको, आणि उसंत नाही तर संस्कृती नाही. १९५० साली बुद्धाच्या धम्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी धर्माच्या कसोट्या दिल्या, त्यात एक ही की धर्मानं दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. पांढऱ्या भिंतीवाल्या माझ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं. भिंत पांढरी ठेवा, पण ती पांढरी असल्यामुळं पवित्र झाली असं समजू नका.

आता बोटीकडं येतो. कारण नानांचा प्रश्न राहिलाच आहे.

बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' नावाच्या बोटीवरून. ही बोट पी अँड ओ कंपनीची, ग्लासगोला बांधलेली, १९२९ साली पाण्यावर धावू लागलेली. त्या काळात तिच्या आतल्या सजावटीचा मोठा बोलबाला होता. सजावट केली होती कंपनीच्या अध्यक्षाच्या, लॉर्ड इंचकेपच्या, मुलीनं, एल्सी मॅके हिनं. ती विमान चालवायची. १९२८ मध्ये अटलांटिक ओलांडायला गेली ती परत आली नाही. तिनं पहिल्या वर्गाचं धूम्रपानाचं दालन जुन्या किल्ल्यातल्या सरदारी दिवाणखान्यासारखं केलं होतं. लाकडी तुळयांचं छत, भिंतीवर ढाली-तलवारी, आणि भलीमोठी शेकोटी. तांबड्या समुद्राच्या उकाड्यातून जाणाऱ्या बोटीवर शेकोटी! पोहण्याचा हौद रोमन काळातल्या पाँपेईच्या थाटाचा. लोखंडी बोट, विजेवर फिरणारे पंखे, आणि आत बसल्यावर वाटावं आपण चारशे वर्षांपूर्वीचे जहागीरदार आहोत.

ह्या प्रकारावर तेव्हा गोऱ्यांच्यातही दोन तट होते. आर्थर डेव्हिस नावाच्या वास्तुरचनाकारानं 'अ‍ॅक्विटानिया'सारख्या बड्या बोटींची दालनं सजवली होती. त्यानं १९२२ साली सांगितलं की बोट बोटीसारखी का करत नाही असं मी मालकांना विचारलं होतं, तर उत्तर मिळालं की आमच्या उतारूंना आपण समुद्रावर आहोत हे विसरायचं असतं. दुसरा तट म्हणायचा, बोट म्हणजे यंत्र, तिचा साधा नेटका आकार हेच तिचं सौंदर्य. पुढं चंडीगड आखणारा कोर्बुझिए हा त्यांचा म्होरक्या. त्यानं १९२३ च्या पुस्तकात आगबोटीचे फोटो छापून घरबांधणाऱ्यांना सांगितलं, ह्यांच्याकडून शिका. १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर 'ओरायन' बोट आली, ब्रायन ओरोर्कनं सजवलेली, ढाली-तलवारी नसलेली, उजळ, मोकळी. जाणकारांनी मान डोलावली.

भांडण मोठं रंगतदार आहे. किल्ला की यंत्र, नक्षी की सरळ रेघ. पण दोन्ही तटांचे लोक बसले होते वरच्याच मजल्यावर. पी अँड ओच्या बोटींवर खाली कोण होतं? जेवण वाढायला गोव्याचे लोक. डेकवर गुजरात-काठेवाडचे खलाशी. भट्टीपाशी कोळसा नाहीतर तेल बघायला पंजाबी आणि पठाण. ह्यांना लास्कर म्हणत. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी. झोपायची जागासुद्धा गोऱ्यापेक्षा कमी द्यायची मुभा कायद्यानंच होती. वर चारशे वर्षांपूर्वीचा दिवाणखाना, खाली घनफुटात मोजलेला माणूस. त्या तळाची सजावट कुणी केली नाही, आणि ती भडक की साधी असं कुणी भांडलंही नाही.

बाबासाहेब त्या बोटीवरून लंडनला पोहोचले आणि परिषदेत अस्पृश्यांचं गाऱ्हाणं मांडू लागले. त्याच हिवाळ्यात, परिषद चालू असताना, रामनाडमध्ये मातीच्या भांड्याचं फर्मान निघालं. एकाच सालाच्या ह्या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. बोट पुढं नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनं बुडवली. ढाली-तलवारी गेल्या तळाला. फर्मानं मात्र बुडाली नाहीत.

आजच्या क्रूझची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत कार्निव्हल कंपनीच्या बोटी जो फार्कस नावाच्या माणसानं कित्येक वर्षं सजवल्या. १९९० च्या 'फँटसी' बोटीपासून निऑन, पितळ, आरसे, रंगांचा नुसता पाऊस. जाणकार म्हणाले, काय हा भडकपणा! पण ह्या बोटींवर लॉर्ड लोक येत नव्हते. पंधरा दिवसांची रजा घेतलेले दुकानदार, कारकून, कामगार येत होते, आणि त्यांना आठवडाभर राजासारखं वाटत होतं. इथं पुन्हा चवीचं भांडण हे खरं तर वर्गाचं भांडण आहे. मी त्या कारकुनांना हसणार नाही. मुंबईहूनही २०२१ साली 'एम्प्रेस' नावाची जुनी परदेशी बोट कॉर्डेलिया नावानं फिरू लागली. तिच्यावर फोटो काढणाऱ्या मध्यमवर्गीय जोडप्यांनाही हसणार नाही. त्यांत उद्या आपली पोरंही असतील. असावीत.

पण तळ गेलेला नाही. झाडणारे-पुसणारे आजही खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या, दोघादोघांच्या खोल्यांत. महिनोन् महिने घर नाही. सागरी कामगारांच्या २००६ च्या जागतिक करारानं कामाची कमाल मर्यादा घातली ती २४ तासांत १४ तास आणि आठवड्यात ७२ तास. ही मर्यादा आहे, लक्षात घ्या, सवलत देऊन झाल्यावरची. बोटी पनामा, बहामाचे झेंडे लावून फिरतात, म्हणजे मालक एका देशाचा, कायदा दुसऱ्याचा, घाम तिसऱ्याचा. आमच्या पोराच्या पगारावर इथं एक घर चालतं, धाकट्या बहिणीचं कॉलेज चालतं. म्हणून सोड ती नोकरी असं सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यानं तो व्हिडिओ तक्रार म्हणून पाठवला नव्हता. बघा, मी इथं आहे, असं तो म्हणत होता. पण त्या लखलखत्या पायऱ्यांवर उतारू म्हणून तो एकदाही बसलेला नाही, हेही खरं आहे.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात दोन चित्रं उभी केली. एक मनोऱ्याचं. हिंदू समाज म्हणजे मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यामजल्यात जिनाच नाही. दुसरं आगबोटीचं. आपण सगळे एका बोटीतले उतारू, दुसऱ्याची खोली फोडायला जाल तर पाणी तुमच्याही खोलीत येईल. आपण ही दोन चित्रं वेगवेगळी वाचतो. मला वाटतं ती एकत्र वाचावीत. बोट म्हणजे पाण्यावर आडवा तरंगणारा मनोराच. तिच्यात जिने पुष्कळ असतात, सोनेरी कठड्यांचे. ते कुणाच्या पायांसाठी आहेत, एवढंच बघायचं. जिन्यावर सोनं लावलं म्हणून मी रागावणार नाही. जिना माझ्या भावाला बंद असेल तर रागावणार.

मग आपण सजवायचं की नाही, आणि सजवायचं तर कसं? ह्याचं उत्तर आपल्या परंपरेत आहे. खानदेशाच्या सीमेवर अजिंठा आहे. आपण तिथं सहल म्हणून जातो, चित्रं बघतो, परत येतो. पुढच्या वेळी जरा नीट बघा. सोळा नंबरचं लेणं पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दान दिलं. ते मंदिर नव्हे, भिक्खूंचं राहतं घर, विहार. मधल्या मोठ्या दालनात भिंतींवर, खांबांवर, छतावर जागा सोडलेली नाही. राजवाडे, बाजार, हत्ती, दागिन्यांनी मढलेली माणसं. झगमगाटच म्हणा की! आणि त्याच दालनाच्या कडेनं भिक्खूंच्या कोठड्या आहेत. लहान, अंधाऱ्या, उघडा दगड.

ज्यांनी सगळं सोडलं त्यांनी रंग सोडला नाही. त्यांनी तो स्वतःच्या कोठडीतून काढून सगळ्यांच्या दालनात लावला. धम्मातही हाच विवेक आहे. आपण रोज म्हणतो त्या पंचशीलात नटण्याथटण्याविरुद्ध एक अक्षर नाही. अष्टशील घेतलं तर त्या दिवसापुरता माळा, अत्तर, उंच शय्या सोडायची असते. म्हणजे सोडणं हे स्वतःपुरतं, स्वतःहून, आणि तेवढ्या वेळेपुरतं. दुसऱ्याच्या फळीवरचं भांडं मोजायला धम्म सांगत नाही.

बोटीचा हिशेब ह्याच्या उलटा आहे. तिथं जेवढा पैसा तेवढी खोली सजलेली, आणि जो राबतो त्याची कोठडी नागडी. भिक्खूची कोठडी त्यानं निवडली होती. खलाशाची कोठडी त्याच्यावर आली.

उद्या कुणी म्हणेल, अजिंठा खोदणारे हात कुणाचे होते? बरोबर आहे. दान देणाऱ्याचं नाव भिंतीवर कोरलेलं आहे, खडक फोडणाऱ्यांचं नाही. धुळ्याचे शरद पाटील १९८८ साली अब्राह्मणी साहित्याचं सौंदर्यशास्त्र लिहायला बसले, ते सौंदर्याच्या गोष्टीत जात आणि राबणारा हात मोजलाच पाहिजे म्हणून. नानांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. पण पितळ कोण घासतं, हा त्यांचा प्रश्न त्याच जातकुळीचा आहे.

आणि हे लांबचं बोलणं वाटत असेल तर आपल्याच नर्मदेवर चला. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या जिल्ह्यातली, अक्राणी आणि अक्कलकुव्याची, ३३ गावं सापडली. मणिबेली १९९३ पासून बुडू लागलं. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं. वाटा पाण्याखाली गेल्या, तेव्हापासून कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता. दवाखानासुद्धा बोटीवरचा, तरंगता. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला भुशा पॉइंटजवळ माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि माणसं बुडून मेली, पोरं मेली. आणि त्याच नदीवर, त्याच धरणाच्या खालच्या अंगाला, ३० ऑक्टोबर २०२० रोजी केवडियाला एकता क्रूझ सुरू झाली. पुतळा बघायला जाणारी, सहा किलोमीटरची हौसेची फेरी.

त्या क्रूझमधल्या खुर्च्यांचा रंग भडक आहे की सौम्य, ह्यावर मी वाद घालू शकतो. पण भिंतीच्या ह्या बाजूला उभं राहून मला तो वाद सुचत नाही. एकाच पाण्यावर एकाला हौसेची बोट मिळते आणि दुसऱ्याला लाइफ जॅकेट मिळत नाही, तेव्हा पहिल्या बोटीतला दिवा नुसता दिवा राहत नाही. तो कुणाच्या वाट्याचा आहे हे विचारावं लागतं. आणि दोस्तहो, हे आपण आंबेडकरवाद्यांनी विचारायचं. नर्मदेकाठचे पावरा आणि भिल आपले कोण, असं म्हणून चालणार नाही. मूकनायकातली आगबोट एकच आहे.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. झगमगाट दिसला की आधी चवीचं बोलू नका. तीन गोष्टी विचारा. हा कुणाच्या पैशानं आणि कुणाचं काय तोडून आला? इथं येऊन बसायला कुणाला बंदी आहे, मग ती पाटी लावून असो की तिकिटानं? आणि हा घासतो-पुसतो तो माणूस काम झाल्यावर इथंच बसू शकतो का? तिन्हींची उत्तरं चोख असतील तर खुशाल लावा जांभळे दिवे. पुण्याच्या मित्राला नाक मुरडू द्या. उत्तरं चोख नसतील तर भिंत पांढरीशुभ्र असली तरी ती जातीचीच भिंत आहे.

आमच्या विहाराबद्दल मी अभ्यासवर्गात हेच मांडलं. दालन सजवा, रंग लावा, पोरांना मान वर करून बघावंसं वाटेल असं छत करा. आपल्या बायांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं पुसली, त्यांना बसायला एक सुंदर जागा पाहिजे. पण आधी पुस्तकांची कपाटं आणि अभ्यासाची टेबलं, मग मखर. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधलं, नाव राजधानीचं दिलं, आणि त्या घराचा खरा मालक कोण होता? पुस्तकं. दुसरं, देणगीदारांच्या नावांच्या फरश्या नकोत आणि पुढाऱ्यांसाठी वेगळ्या गादीच्या खुर्च्या नकोत. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. झाडूपोछ्याला बाई ठेवायची नाही. पाळी लावायची. अध्यक्षापासून कॉलेजच्या पोरापर्यंत प्रत्येकानं आठवड्यातून एकदा ती चकचकीत फरशी स्वतःच्या हातानं पुसायची. पुसायला जीवावर येईल एवढी चकचकीत फरशी कुणी मग मागणार नाही, आणि मागितली तर हक्कानं मागेल.

दिव्यांचं अजून ठरलेलं नाही. मखराचंही नाही. पाळीचा कागद मात्र भिंतीवर लागला आहे, त्यात माझा वार गुरुवार आहे. तुमच्या गावात विहार बांधला जात असेल, समाजमंदिराला रंग द्यायचा असेल, तर हे भांडण तुमच्याकडंही येणार. टाळू नका. आणि माझं पटलं नसेल तर गप्प बसू नका, लिहा. ही पानं त्यासाठीच आहेत.